कणगीच्या मागं

तुमच्या मोबाईलवर तो कार्टूनचा व्हिडिओ आला असंल. समुद्रात जहाज, जहाजावर ढेरपोट्या डाकू कप्तान, एका डोळ्यावर फडकं बांधलेला त्याचा हाताखालचा गडी, खांद्यावर बसून शिव्या देणारा पोपट, अन् मधल्या खांबाला बांधलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा खलाशी. खजिना कुठं पुरलाय ते एकट्या त्या म्हाताऱ्याला माहीत. कप्तान तलवार त्याच्या नरड्याला लावतो अन् आपल्या हिंगोलीच्या बोलीत विचारतो, बोल थेरड्या, खजिना कुठं हाय? म्हातारा डोळे फिरवतो, मान झटकतो अन् म्हणतो, "क... क... क... कणगीच्या म... म... मागं." तवर तोफ उडते अन् सारे समुद्रात पडतात. आला असंलच. साऱ्या जिल्ह्यात फिरला तो. तुमी हसले बी असाल. लाजू नका, मी बी हसले होते, अन् तुमच्या लई आधी हसले होते.

त्या म्हाताऱ्याचा आवाज माझ्या नवऱ्याचा हाय. कोणी काढलेली नक्कल न्हाई, खराखुरा त्यांचा. सोनाजी त्यांचं नाव. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीपा उभ्या राहतात तिथं कापड दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसतात. मी शकुबाई, त्यांची बायको, सत्तावीस वर्षं झाली. मला कोणी गरीब गाय समजू नये. माझ्या तोंडाला गल्ली भिते, अन् भ्यायलाच पाहिजे.

ते बोलताना अडकतात. लहानपणापासून. दुसरीत गुरुजीनं धडा वाचायला उभं केलं तर पहिल्याच अक्षराला गाडी रुतली. गुरुजीला वाटलं, पोरगं नाटक करून राहिलं. दिली हातावर छडी. छडीच्या भीतीनं पोरगं अजून अडकलं, मंग अजून छडी. चौथीत शाळा सुटली. सासू सांगायची, पोपटाचा उष्टा पेरू चारला, जिभेला वेखंड घासलं, काही फरक पडला न्हाई. गावानं नाव ठेवलं पॅसिंजर, दर ठेसणाला थांबते म्हणून. पन्नाशी ओलांडली तरी म्हातारी माणसं अजून त्याच नावानं हाक मारतात अन् ते बी ओ देतात.

पण एक गोष्ट होती. बारा वर्षांचे असतील, वस्तीच्या बुद्धविहारात वंदनेला मागं बसले होते. पुंजाजीबाबा म्हणून एक म्हातारे पुढं बसून वंदना घ्यायचे. आमच्यात एकानं पुढं म्हणायचं अन् बाकीच्यांनी मागं, अशी रीत. त्या दिवशी पुंजाजीबाबाला खोकल्याची उबळ आली अन् गाथा मधेच तुटली. तवा मागून या पोरानं धरली अन् शेवटापर्यंत नेली. एका अक्षराला अडकलं न्हाई. साऱ्या वस्तीनं वळून पाहिलं, अन् त्यांची माय तर भिंतीला टेकून रडायलाच लागली. पुढं हिंगोलीच्या एका डॉक्टरनं सांगितलं की चालीवर म्हणलेलं अडकत न्हाई, लई तोतऱ्या माणसांचं असंच असतं. आमाला त्यातलं काय कळतंय. आमाला एवढंच कळलं की बोलायला मुका हाय पण गाथेला सोन्याचा हाय.

पुंजाजीबाबा गेल्यावर सारं यांच्याकडं आलं. लग्न असो, नामकरण असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, पुसेगावपासून औंढ्यापर्यंत यांना बोलावणं. पैसा घ्यायचे न्हाईत. जीपचं भाडं अन् दोन घास. दोनशे तरी लग्नं लावली असतील त्यांनी. घरातला सोनाजी मांजर, अन् मांडवातला सोनाजी वाघ.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पुसेगावला, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात. पांढरा सदरा, डोळे मिटलेले, अन् आवाज असा की रडणारी लेकरं गप झाली. मी एकोणीस वर्षांची. मला वाटलं, असा माणूस घरात बोलत असंल तर भांडण बी गोड लागंल. दोन महिन्यांनी त्यांचंच स्थळ आलं. पाहायला आले तवा सारं बोलणं त्यांच्या दाजीनं केलं, हे नुसते मान हलवत बसले. आमच्या घरचे म्हणले, पोरगा शांत हाय. शांत कसला! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाणी मागितलं, अन् 'पाणी' पुरं व्हायच्या आत मी तांब्या भरून आणून पुढं ठेवला होता. तवा मला कळलं. चुलीपुढं बसून रडले, अन् मंग सासूला जाब विचारला. सासू म्हणली, तुला आवाज आवडला होता ना बाई, आवाज तर आलाय घरात.

मी फसले ते फसले, पण माझा राग काही गेला न्हाई. आता खरं सांगायला बसले तर सारंच सांगते. सत्तावीस वर्षांत मी त्यांचं एक वाक्य पुरं होऊ दिलं न्हाई. ते 'भा' म्हणले की मी सुरू, भाकर? भाजी? भाडं? भाऊ? लवकर बोला, तवा तापून राहिला. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या, मंग मी अजून रंगवून करायची. ते बी हसायचे आमच्यात. मला वाटायचं, हसतो म्हणजे लागत नसंल. हळूहळू त्यांनी घरात बोलणं कमी केलं. दुकानावर तर बोलायची गरजच न्हाई. टेप लावायची, कापडावर खडूनं आकडा लिहायचा, कधी मिळंल विचारलं की बोटं दाखवायची.

आमाला एकच लेकरू, प्रियदर्शनी. ती पाळण्यात होती तवाच ते म्हणले होते, किती वेळ लागला ते सोडा, की लोकांची लग्नं लावून राहिलो ती हिच्या लग्नाची तालीम हाय. माणसाला दुसरी इच्छा नव्हती. प्लॉट मागितला न्हाई, फटफटी मागितली न्हाई. लेकीच्या लग्नात पुढं उभं राहायचं, गाथा म्हणायची, अन् लेकीनं अन् जावयानं मागून म्हणायची. एवढ्यासाठी जगून राहिले होते, अन् हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

परसालची गोष्ट. रेशन दुकानावर अंगठे घेऊन राहिले होते, आधार कार्ड पाहिजे म्हणले. कार्डं पेटीत, पेटीला कुलूप, अन् हे गेलेले सेनगावला अस्तर अन् रीळ आणायला. मी फोन लावला. फोनवर त्यांची जीभ अजून जड होते, का कोण जाणे. मी विचारलं, पेटीची किल्ली कुठं ठेवली? चार मिनिटं तो माणूस तिकडून झगडून राहिला अन् मी इकडून वाट्टेल ते बोलून राहिले. शेवटी निघालं तोंडातून, कणगीच्या मागं. आमच्या घरात सासूच्या काळची बांबूची कणगी हाय, शेणानं लिंपलेली, त्यात ज्वारी राहते. किल्ली सापडली, पण मी पोचेपर्यंत दुकानदार शटर ओढून गेला होता. उन्हातून रिकाम्या हातानं परत आले. अंगाची नुसती आग झाली होती.

माझ्या फोनवर सारं बोलणं आपोआप रेकॉर्ड होऊन राहतं. ते प्रमोदनंच चालू करून दिलेलं. प्रमोद माझा भाचा, सख्ख्या भावाचा पोरगा, तीस वर्षांचा घोडा. स्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. कार्टूनमधले मूळ आवाज काढून त्यावर आपल्या बोलीतले आवाज टाकायचे, हा त्याचा नाद. त्या दिवशी संध्याकाळी तो चहाला आला. मी म्हणलं, तुला नमुने पाहिजे असतात ना, हे ऐक तुझ्या मामाचं. अन् लावलं. तो खाटेवर लोळून लोळून हसला. मी बी हसले, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. दिवसभराचा राग त्या हसण्यात निघून गेला, लई हलकं वाटलं. मंग तो म्हणला की आत्या, मला हे दे, माझा म्हातारा खलाशी कवापासून अडून बसलाय, त्याला आवाजच सापडंना. मी म्हणलं, घे. कोणी माझा हात धरला नव्हता. मी माझ्या हातानं फोन त्याच्यापुढं केला.

कप्तानाला त्याला मोहनसिंगचा आवाज द्यायचा होता. मोहनसिंगच्या चार जीपा चालतात, तसाच भसाडा, ढेरी बी डिट्टो. पण प्रमोदच्या दुकानाची जागा मोहनसिंगची. म्हणून कप्तानाला त्यानं आपला स्वतःचा आवाज दिला. पोपटाला भाजीवाल्या भिकाबाईचा दिला, ती ठार बहिरी हाय, तिला कळणार न्हाई. अन् खलाशाला यांचा दिला, कारण हे चिडले तरी बोलून बोलून काय बोलणार. गरिबाची बायको साऱ्या गावाची वहिनी म्हणतात ते उगंच न्हाई. कोणाला हसायचं ते लोक बराबर पाहून ठरवतात.

आठ दिवसांत तो व्हिडिओ जिकडं तिकडं झाला. जीपमधे कोणी जागा विचारली की ड्रायव्हर म्हणायचा, कणगीच्या मागं. शाळेतली लेकरं, दारू पिलेले, भाजीच्या हातगाडीवाले, साऱ्यांच्या तोंडी तेच. यांच्या ओट्यावर गिऱ्हाईक यायला लागलं ते कपडे शिवायला न्हाई. मामा, माझी पँट कुठं हाय, असं विचारायचं अन् मोबाईल वर धरून थांबायचं. एकानं तर चांगल्या पँटीची शिवण मुद्दाम उसवून आणली होती. हे बोट दाखवायचे, तर ते म्हणायचे बोट नको मामा, तोंडानं सांगा.

त्यांनी व्हिडिओ पहिल्यांदा एका ड्रायव्हरच्या फोनवर पाहिला. तीन वेळा पाहिला म्हणे, अन् फोन परत दिला. घरी आले, जेवले, कणगीच्या मागची किल्ली काढली अन् दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मी मनात म्हणलं, यांना वाटत असंल की प्रमोदनं दुकानावर लपून आवाज घेतला. वाटू द्या. अन् दुसऱ्या दिवशी मी प्रमोदच्या दुकानापुढं उभी राहून त्याला अशा शिव्या घातल्या की स्टँडवरची माणसं जमा झाली. प्रमोद तोंड उघडायला गेला, मी अजून आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते त्या दिवशी मला स्वतःलाच ऐकू आलं. प्रमोदनं त्याच्याकडचा व्हिडिओ काढून टाकला, पण तवर तो दहा हजार लोकांकडं होता.

तरी मला वाटायचं, हसतील चार दिवस अन् गप बसतील. दिवाळीनंतर पुसेगावला लग्न होतं, मी बी संगं गेले. हे पुढं उभे राहिले, डोळे मिटले, सुरू केलं. तिसऱ्या ओळीला मागच्या पोरांतून एकानं हळूच काढलं, क... क... क... मांडवात खसखस पिकली. यांचे डोळे उघडले. गाथा म्हणताना त्यांचे डोळे उघडलेले मी तवर कधी पाहिले नव्हते. पुढच्याच शब्दाला ते अडकले. बारा वर्षांचे होते तवापासून पहिल्यांदा. नवरीनं तोंडावर पदर धरला, तिचे खांदे हलत होते. कसंबसं त्यांनी ते लग्न लावलं, अन् परत येताना जीपमधे सारा वेळ तोंडावर हात ठेवून बसले.

मंग ते वाढतच गेलं. पहाटे घरात एकटे म्हणायला बसले की पाण्यासारखं वाहायचं. मी आतून ऐकायची, मला वाटायचं आलं परत. अन् चार माणसं पुढं बसली की दर दोन शब्दाला ठेसण. बोलावणी कमी झाली. अन् जी यायची त्यातली काही कशासाठी यायची ते मला कळत होतं. हट्टा गावच्या एका माणसानं फोनवर मला सरळच सांगितलं की सोनाजीला पाठवा, पोरांची जरा करमणूक होईल. मी त्याची सात पिढ्यांची आरती केली.

त्यातच प्रियाचं जमलं. ती हिंगोलीत एका दवाखान्यात नर्स हाय. पोरगा औंढ्याचा, हरीश, औषधाचं दुकान हाय त्याचं. पोरगा चांगला, त्याला नाव ठेवायला जागा न्हाई. त्याची आई साधनाबाई, माझी विहीण, शिकलेली बाई, गोड बोलणारी. लग्नाची बोलणी करायला आली, सारं ठरलं, अन् चहाचा कप खाली ठेवून ती म्हणली की वंदनेचं आपण रेकॉर्डिंग लावू. आजकाल लई ठिकाणी लावतात, आवाज मोठा येतो. हरीशचे काका पुढं हात जोडून उभे राहतील. आमच्याकडची पोरं वात्रट हायत, साऱ्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला हाय, उगंच व्याह्यांना तकलीफ नको.

मी प्रियाकडं पाहिलं. मला वाटलं ही बोलंल. बापाच्या गाथेवर झोपलेली पोरगी, ही तरी बोलंल. ती पायाच्या नखांकडं पाहून राहिली. यांना बाहेरून बोलावलं. प्रियानंच सांगितलं.

"बाबा, त्या दिवशी तुमी खाली बसा. माझ्या दवाखान्यातल्या पोरी येणार हायत. माझ्या लग्नात मला कोणी हसलेलं नको."

त्यांनी मान हलवली. एकदा न्हाई, तीन-चारदा हलवली, जसं काही त्यांनाच ते सुचलं होतं. अन् मी, जिच्या तोंडाला गल्ली भिते ती मी, गप बसले. काहून? कारण तोंड उघडलं असतं तर तो आवाज बाहेर गेला कसा, हे बी निघालं असतं. मला माझी इज्जत प्यारी होती. लेकीच्या लग्नाचं निमित्त करून मी माझीच कातडी वाचवली.

जाता जाता विहीणबाई म्हणली की तुमी टेलर हायत ते बरंच झालं, काकांचा पांढरा सदरा तुमीच शिवून द्या. अन् त्यांनी शिवला. काकाला घरी बोलावून खांद्याला, छातीला टेप लावली, खडूनं आकडे लिहिले. त्या सदऱ्याची कॉलर त्यांनी दोनदा उसवून परत लावली. मी म्हणलं, पुरे ना आता. ते शिवतच राहिले.

लग्न मे महिन्यात, दुपारी साडेबाराचं. आमच्या वस्तीतच मांडव टाकला. मांडवात बसलेल्या निम्म्या जोड्यांची लग्नं यांनीच लावलेली. हे पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले, मांडीवर हात ठेवून. माणसं येऊन जयभीम करायची अन् विचारायची, तुमी काहून खाली? ते हसून स्पीकरकडं बोट दाखवायचे. प्रिया अन् हरीश पांढऱ्या कपड्यात उभे राहिले. काका नवा सदरा घालून पुढं आले. प्रमोदनं लॅपटॉप लावला, अन् कोणा परक्या माणसाचा मोठा, घुमणारा आवाज मांडवात सुरू झाला. लोक मागून म्हणायला लागले. हे बी म्हणत होते. मी पाहिलं, ओठ हलत होते.

पहिलं कडवं झालं अन् लाईट गेली.

मेमधे आमच्याकडं लाईट जाते, त्यात नवल न्हाई. मांडववाल्याचं जनरेटर होतं, त्याला डिझेल नव्हतं. लॅपटॉप चालू होता पण त्याचा आवाज पुढच्या दोन रांगांच्या बी पुढं जाईना. विहीणबाईनं काकाला खूण केली. काका म्हणले, मला मागून म्हणता येतं, पुढून न्हाई. मांडवात ते म्हणू शकणारी पाच-सहा माणसं होती. पण जिथं सोनाजी बसलाय तिथं पुढून म्हणायचं कोणी? ज्यानं आपलं लग्न लावलं त्याच्या पुढं उभं राहायचं? कोणी उठंना. पंखे बंद, लेकरं रडून राहिली, अन् एकेक करून सारे यांच्याकडं पाहायला लागले. मागून एक म्हातारा बोलला की सोनाजी, ऊठ बाबा. मंग अजून दोघं-तिघं म्हणले. प्रियानं बी मान वळवली. तिच्या डोळ्यात होतं ते सारा मांडव वाचू शकत होता.

ते उठले. सदरा खाली ओढला. लेकीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. मला वाटलं आता येईल. पहाटे येतं तसं येईल, अन् यांचं एवढं एक पुरं होईल. मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते माझं मला ठाऊक.

"न..." ते म्हणले. "न... न... न..."

मान झटकली. डोळे उघडले, परत मिटले. गळ्याची शीर दोरीसारखी वर आली. न... न... अन् पुढं काहीच न्हाई. मी पोरांच्या रांगेकडं पाहिलं, कोण हसतंय ते पाहून ठेवावं म्हणून. कोणी हसलं न्हाई. एक माणूस हसला न्हाई. सारे खाली पाहून राहिले होते, कोणी चपलेकडं, कोणी हातातल्या फुलांच्या पाकळ्यांकडं... ती वात्रट म्हणलेली पोरं बी. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला मी शिव्या घातल्या असत्या. कीव करणाऱ्याला काय घालायचं? किती वेळ गेला मला सांगता यायचं न्हाई. त्यांनी तोंड उघडावं अन् तोंडात काही नसावं, असं परत परत चाललं होतं.

अन् मंग प्रियानं सुरू केलं. स्वतः नवरी, हातात फुलं, तिनं तो अडलेला 'नमो' उचलला अन् पुढं म्हणत गेली, खणखणीत. बापाचाच आवाज होता तो. मला ते एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. सारा मांडव तिच्या मागं असा म्हणायला लागला की जसं कोणी त्यांच्या छातीवरचा दगड काढला. लग्न लागलं. हे तिथंच उभे होते तिच्या बाजूला, शेवटापर्यंत. खाली बसा असं बी त्यांना कोणी म्हणलं न्हाई.

जेवताना साऱ्यांच्या तोंडी प्रियाच होती. पोरगी असावी तर अशी. विहीणबाई तर तिला छातीशी धरून सोडंना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औंढ्याहून प्रियाचा फोन आला, आई, मी व्हायरल झाले. तिच्या दवाखान्यातल्या एका पोरीनं शूटिंग करून टाकलं होतं. नवरीनं स्वतः घेतली वंदना, असं वर लिहून. लाखाच्या वर लोकांनी पाहिलं, मोठमोठ्या लोकांनी शाबासकी दिली. ती लई खूश होती. मी बी म्हणलं, छान झालं बाई.

तिसऱ्या दिवशी प्रमोद आला. दारातच उभा राहिला, खाली मान. हे खाटेवर बसले होते, लग्नापासून मशीनवर गेले नव्हते. प्रमोद मला म्हणला, आत्या, जरा बाहेर ये. पण यांनी हात पुढं केला, फोन दे म्हणून. त्यानं दिला.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. प्रियाच्या व्हिडिओत डाव्या बाजूला हे उभे हायत. मान झटकताना, डोळे फिरवताना, तोंड उघडं. कोणीतरी तेवढाच तुकडा कापला होता. मागचा मांडव काढून तिथं ते कार्टूनचं जहाज लावलं होतं, अन् बाजूला ढेरपोट्या कप्तान तलवार घेऊन. खाली लोकांनी लिहिलं होतं, खरा खलाशी सापडला. कोणी लिहिलं होतं, काका, खजिना? अन् हसणारी तोंडं, एकाखाली एक, बोटानं सरकवली तरी संपंनात. त्यांना मराठी वाचता येतं, चौथीपर्यंतचं. त्यांनी एकेक ओळ वाचली. तोंडानं न्हाई, डोळ्यानं. मंग फोन प्रमोदला परत दिला.

अन् माझ्याकडं पाहिलं, अन् बोलायला लागले. मी मधे पडले न्हाई. जीभ चावून उभी राहिले.

"हे... हे त... तरी तू दि... दि... दिलं न्हाईस ना?"

प्रमोद भिंतीकडं पाहायला लागला. मला आधी अर्थच लागंना. अन् लागला तवा मी खाली बसले. त्या दिवशी फोनवर आमी दोघंच होतो. सेनगावच्या रस्त्यावर ते, अन् इकडं मी. किल्ली कुठं ठेवली ते त्यांनी दुनियेत फक्त मला सांगितलं होतं. तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. वर्षभर त्यांना माहीत होतं. माझ्या हातची भाकर खात होते, मी प्रमोदला स्टँडवर शिव्या देत होते ते ऐकत होते, अन् गप होते. लेकीनं खाली बसा म्हणलं तवा मी काहून गप बसले, ते बी त्यांना माहीत होतं.

मी म्हणलं, न्हाई हो, हे मी न्हाई दिलं.

त्यांनी मान हलवली, टेप गळ्यात अडकवली अन् दुकानावर गेले. मी खरंच बोलले होते. त्यांना ते खरं वाटलं का, हे विचारायची अजून माझी छाती झाली न्हाई.